हिशोबपट्टीवर नसलेली ओळ

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. निफाड तालुक्यातल्या माझ्या मेव्हण्याने कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा ट्रॉलीत भरून ठेवला होता, आणि शनिवारी संध्याकाळी फोनवर बातमी फिरली: कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क. सोमवारी व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. काही दिवसांनी ते सुरू झाले, माल गेला, आणि पुढच्या रविवारी मेव्हण्याने हिशोबपट्टी माझ्यासमोर ठेवली. वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई, शेवटी हातात पडलेली रक्कम. "दाजी, तुम्ही तीस वर्षं पोरांना राज्यशास्त्र शिकवलं. तोलाईचे चार पैसे कोणी कापले ते यात लिहिलंय. चाळीस टक्केवाल्याचं नाव कुठंय?" मी म्हणालो, ते शुल्क तुझ्याकडून थोडेच घेतात, निर्यातदार भरतो. तो नुसता हसला. निर्यातदार ते बोलीतच वळते करून घेतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

तेव्हापासून केंद्र आणि राज्य हा वाद निघाला की मला ती पट्टी आठवते. वाद आपल्याकडे सारखा निघतो आणि फार वाईट घातला जातो. टपरीवर काय आणि टीव्हीवर काय, बाजू दोनच. एक म्हणते, दिल्लीत आणि मुंबईत एकाच रंगाचे सरकार असले की मिटले. गाडीला दोन इंजिने. दुसरी म्हणते, दिल्लीने सगळे ओरबाडले, सगळे अधिकार राज्याला द्या की मिटले. पहिलीला मुळात वाटणीच कशासाठी केली ते कळलेले नाही. दोन्हीकडे आपलीच माणसे असतील तर वेगळी चूल कशाला, असा तिचा हिशेब. दुसरीला वाटणी हवी, पण भावकीतल्या जमिनीसारखी: बांध कोरून जितके येईल तितके आपले. माझे म्हणणे दोघींनाही रुचणार नाही. निर्यात अडवण्याचा अधिकार दिल्लीकडेच असावा, असे मला वाटते. दुखणे वेगळे आहे. तो अधिकार कुठल्याही सूत्राला न बांधता वापरता येतो, आणि वापरला की त्याचे बिल भलत्याच दारात जाते.

केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणारी घटनेची सातवी अनुसूची मी वर्गात नाशिकच्या नकाशावरच शिकवायचो. नाशिकरोडला नोटांचा छापखाना: चलन, संघ सूची. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखाना: संरक्षण, तीही संघ सूची. पंचवटीतली बाजार समिती राज्याची. 'बाजार व जत्रा' ही राज्य सूचीतली २८ वी नोंद. आम्ही बसलो होतो तो वर्ग १९७६ पर्यंत राज्याचा होता आणि ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती, म्हणजे दोघांचा झाला. निफाडच्या उसात दडलेला बिबट्याही त्याच दुरुस्तीत समवर्ती झाला, हे ऐकले की मागच्या बाकावरची पोरेसुद्धा जागी व्हायची. मूळ घटनेत संघाकडे ९७, राज्यांकडे ६६ आणि दोघांत मिळून ४७ नोंदी होत्या. यात कांदा कुठे बसतो? शेती राज्याची, १४ वी नोंद. बाजार राज्याचा. खाद्यवस्तूंचा व्यापार आणि पुरवठा १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीपासून समवर्ती, ३३ वी नोंद. २०२० चे कृषी कायदे केंद्राने तिच्याच आधाराने आणले होते. परदेशी व्यापार संघाचा, ४१ वी. निर्यात शुल्क संघाचे, ८३ वी. म्हणजे रोप टाकल्यापासून लिलावापर्यंत कांदा महाराष्ट्राचा, आणि न्हावाशेवा बंदराच्या कंटेनरात शिरला की भारताचा. पण त्याचा भाव त्या कंटेनरच्या भरवशावर लिलावातच ठरून जातो. सूची वेगळ्या असल्या तरी शेतकऱ्याचा खिसा एकच आहे.

आधी समोरच्याची सर्वात भक्कम बाजू मांडतो, कारण टीव्हीवर ती कोणी मांडत नाही. ती आमच्याच गावात घडली आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. वर्षे गेली, दारे उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना ग्रामस्वायत्ततेचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी सुनावले; खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके, अशा आशयाचे ते बोलणे होते. ज्याच्या तोंडावर गावाने दार लावले, त्याला 'सत्ता जितकी जवळ तितकी बरी' हे कसे पटावे? स्थानिक सत्ता म्हणजे पुष्कळदा स्थानिक दांडग्यांची सत्ता असते. त्यात फाळणीचा घाव. १९४६ च्या ब्रिटिशांच्या त्रिमंत्री योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच ठेवले होते. फाळणी ठरली आणि घटना समितीने ती वाट सोडून बळकट केंद्र निवडले. ती चूक झाली असे मी म्हणणार नाही.

पण हा युक्तिवाद जातो कुठवर? काळारामाच्या दाराचा प्रश्न माणसाच्या हक्काचा होता, आणि हक्कांची तजवीज घटनेने सातव्या अनुसूचीवर सोडलेलीच नाही. ती तिसऱ्या भागात आहे. अस्पृश्यता संपवणारा १७ वा अनुच्छेद तिथे आहे, आणि तो गावाला बांधतो तितकाच दिल्लीलाही. कांद्यावर शुल्क किती, हा कारभाराचा प्रश्न झाला. हक्कांसाठी मिळवलेली ताकद कारभारात बिनबोभाट वापरायची मुभा बाबासाहेबांच्या नावावर कशी मागता येईल? शिवाय इतिहास इतका सरळही नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९४७ मध्ये केला, घटना लागू होण्याच्या आधी. रोजगार हमी महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. देशाला तसा कायदा करायला २००५ उजाडले. दिल्ली पुढारलेली आणि गल्ली मागासलेली, हे समीकरण फळ्यावरच शोभते.

दुसरा आक्षेप असा, की राज्यांच्या हातात दिले तर राज्येही तेच करतील. करतीलच. २०२४ मध्ये बटाटा महागला तेव्हा पश्चिम बंगालने आपला बटाटा राज्याबाहेर जाऊ देणे रोखले. ट्रक सीमेवर अडकले आणि ओडिशा, झारखंडने ओरड केली. बंगालच्या बटाटेवाल्याला त्या दिवसांत काय वाटले असेल, ते माझ्या मेव्हण्याला विचारा. आणि बंगालपर्यंत तरी कशाला जायचे? गंगापूर, दारणा भरली की नाशिककराला पाणी आपले वाटते, आणि खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाच्या शेतकऱ्याला तेच पाणी अडवलेले वाटते. वरच्याने खालच्यासाठी आपणहून दरवाजे उचलले, असे या गोदाकाठी मी तरी पाहिलेले नाही. वर पंच लागतोच. पाणी राज्याचा विषय, म्हणून हा पंच मुंबईचा: २००५ च्या कायद्याने आलेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण.

माझा सगळा मुद्दा या पाण्यात आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नाशिक आणि नगरच्या धरणांतून जायकवाडीकडे सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. आंदोलने झाली, याचिका गेल्या, दोन्हीकडून शिव्यांची लाखोली वाहिली गेली. पण तो आदेश आभाळातून पडलेला नव्हता. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, हे सूत्र आधीच ठरलेले होते. तारीख ठाऊक, टक्का ठाऊक, कोणत्या धरणसमूहातून किती ते कोष्टकात. त्या पावसाळ्यात ऑगस्ट कोरडा जाताना बघूनच पाराच्या कट्ट्यावरचे म्हातारे सांगत होते, यंदा पाणी जाणार. सूत्र चुकलेले असेल, ते बदला अशी मागणीही आहे. पण भांडायला समोर एक सूत्र तरी आहे.

त्याच वर्षी कांद्याचे काय झाले ते बघा. १९ ऑगस्टला ४० टक्के शुल्क. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरला थेट बंदी. ती मार्चअखेरपर्यंतची म्हणून सांगितली होती. लांबली, आणि उठली ४ मे २०२४ ला, लोकसभेचे मतदान चालू असताना. उठली तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ ला. यातली एक तरी तारीख, एक तरी आकडा आधी कुठल्या कोष्टकात होता का? किरकोळ बाजारात किलोला किती झाले की शुल्क लागते? किती खाली आले की निघते? चाळीत पाच महिने कांदा सांभाळणाऱ्याने, रोज सडलेला निवडून टाकणाऱ्याने, कशाकडे बघून ठरवायचे की आज विकू की थांबू? पाण्याचा निर्णय वरून आला आणि कांद्याचाही वरूनच आला. पहिल्याशी भांडता येते. दुसऱ्याची वाट बघत बसावे लागते.

यावर दिल्लीचे उत्तर तयार असते: आधी सांगितले तर साठेबाज सावध होतील. शिवाय ग्राहकही माणूसच आहे, त्याने ऐंशी रुपये किलोने कांदा का घ्यावा? दोन्ही गोष्टी मी पोकळ मानत नाही. कांद्याने सरकारे हलली आहेत. १९९८ मध्ये दिल्लीत भाजपची सत्ता गेली त्यात कांद्याच्या भावाचा हात होता, हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लावल्यावर त्याच आठवड्यात केंद्राने आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी घेण्याचे जाहीर केले होते, हेही सांगितले पाहिजे. पण गुप्ततेचा युक्तिवाद तपासून बघा. महागाई ४ टक्क्यांवर, दोन टक्के वरखाली, राखायची हे लक्ष्य २०१६ पासून कायद्यानेच जगजाहीर आहे. त्याने कर्जाचा बाजार मोडला का? उसाचा किमान दर गाळप हंगामाच्या आधी जाहीर होतो. त्याने साखर गायब झाली का? साठेबाजाला अंदाज बांधता येतोच, त्याची माणसे दिल्लीत असतात. सूत्र नसल्याचा फटका बसतो तो ज्याचे दिल्लीत कोणी नाही त्याला.

बिलाचा भाग याहून वाईट आहे. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शेती, शिक्षण, सार्वजनिक आरोग्य ही खाती लोकांतून आलेल्या मंत्र्यांकडे सोपीव. अर्थ, पोलीस, जमीन महसूल गव्हर्नरकडे राखीव. मंत्र्याने शाळा काढायची म्हटली की पैशासाठी राखीव खात्याच्या दारात उभे राहायचे, आणि शाळा झाली नाही की लोकांनी जाब मंत्र्याला विचारायचा. ती पद्धत इतकी बदनाम झाली की १९३५ च्या कायद्याने प्रांतांतून ती काढूनच टाकली. कांद्याच्या भावात ती अजून नांदते आहे. निर्यात बंद होते दिल्लीच्या अधिसूचनेने. रास्ता रोको होतो चांदवडच्या चौफुलीवर. निवेदन घेतो तहसीलदार, तो राज्याचा. बंदोबस्त राज्याच्या पोलिसांचा, गुन्हे दाखल करणारेही तेच. भाव कोसळल्यावर मदत मागायची ती राज्याकडे: २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, राज्याने दिले होते. (तेव्हा बंदी नव्हती, आवक तुंबली होती, हे मान्य. शिवाय सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसलेल्यांची त्या अनुदानासाठी काय फरपट झाली, ते वेगळेच पुराण आहे.) शुल्क जमा होते केंद्राच्या तिजोरीत. त्याचा वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने सगळ्या राज्यांना जातो, पण ज्याच्या मालाचा भाव त्या शुल्काने पडला त्याच्यासाठी वेगळा छदामही नसतो. आणि शुल्क उठले की आभाराचे फलक लागतात. लावताना कोणी फलक लावला होता?

मराठेशाहीचा दाखला इथे हमखास येतो, म्हणून त्याचाही समाचार घेतो. सरदार शिरजोर झाले, केंद्र दुबळे पडले, राज्य गेले. तेव्हा केंद्राच्या हातात चाबूक हवाच. चांदवडला होळकरांच्या रंगमहालात उभे राहिले की हा सिद्धांत मलाही क्षणभर पटतो. पण शिंदे-होळकर लढले ते कशावरून? चौथ-सरदेशमुखीच्या वाटण्या अशा गुंतवलेल्या, की एकाच मुलखावर दोघातिघांचे दावे. आणि दावा सोडवणारा, सगळ्यांनी मानलेला पंच नाही. जो पंच व्हायचा तो पेशवाच एका बाजूला जाऊन बसला. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांची फौज मोडली, आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजाला घरात घेतला. चाबूक कमी पडला म्हणून हे घडले, की बसून बोलायला सदर नव्हती म्हणून?

तशी सदर आपल्या घटनेत आहे. २६३ व्या अनुच्छेदात आंतरराज्य परिषदेची तरतूद आहे. केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने आग्रह धरला आणि १९९० मध्ये ती स्थापनही झाली. तिची अकरावी बैठक २०१६ च्या जुलैत झाली. त्यानंतर तिचे दार बंदच राहिले. उलट जीएसटी परिषद बघा. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. केंद्राशिवाय काही होत नाही, पण एकट्या केंद्राच्यानेही होत नाही. तिथे भांडणे होतात, अर्थमंत्री चिडून बाहेर येतात, पण बैठक भरते. शेतमालाच्या निर्यातीसाठी अशी बैठक का नसावी, जिथे नाशिकचा कांदा आणि दिल्लीतला ग्राहक दोघांचे वकील हजर असतील? सिंहस्थात तर हे आपोआप घडते. तीर्थयात्रा राज्याची, रेल्वे केंद्राची, गटारे महापालिकेची. पण गुरू सिंह राशीत कधी जायचे ते कोणत्याच सरकारला पुढे ढकलता येत नाही, म्हणून तिघे मुकाट एका टेबलाशी बसतात. कांद्याला असा ग्रह नाही.

आता राज्य सरकारच्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी. मुंबईला गरीब गाय समजू नका. दिल्ली मुंबईला जे करते, तेच मुंबई नाशिकला करते, आणि जास्त निगरगट्टपणे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत महापालिकांसाठी १८ कामे लिहिली. त्यातली कोणती खरोखर द्यायची ते राज्याच्या मर्जीवर राहिले. जकात होती तोवर नाशिकची स्वतःची कमाई होती. तिच्या नाक्यावरच्या रांगा आणि चिरीमिरी गेली याचे मला सुखच आहे, पण कमाईच्या जागी आता राज्याकडून महिन्याच्या महिन्याला येणारी भरपाई आहे, पॉकेटमनीसारखी. आणि २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची मुदत संपली तेव्हा निवडणूक झालीच नाही, प्रशासक आला. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. पण प्रभागरचना पुन्हा पुन्हा बदलायची घाई न्यायालयाला झालेली नव्हती. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की निवडणुका घ्या. दिल्लीने राज्याचे सरकार बरखास्त करून राज्यपालाच्या हातात तीन वर्षे कारभार दिला असता तर हीच मंडळी अशा बरखास्तीला लगाम घालणारा बोम्मई खटल्याचा निकाल नाचवत रस्त्यावर आली असती. नाशिकवर तीच वेळ आली, तेव्हा कोणाच्या कपाळाला आठी पडली?

म्हणून 'अधिकार कोणाला' एवढ्यावर थांबणाऱ्या वादात मला रस उरलेला नाही. निर्यात रोखायचीच असेल तर ती कोणत्या भावाला रोखणार, ते पेरणीच्या आधी छापा. त्या भावाच्या खाली असताना रोखलीत, तर चाळीतल्या मालाचा फरक केंद्राच्या अंदाजपत्रकातून द्या; राज्याच्या अनुदानावर सोडू नका. फरकाचे बिल स्वतःला भरावे लागले तर चार महिन्यांत तीनदा अधिसूचना काढण्याआधी दिल्लीतला सचिवही दोनदा विचार करील. आणि जे माप दिल्लीला, तेच मुंबईला.

त्या रविवारी मी हे सगळे मेव्हण्याला ऐकवले नाही. ते माझ्याही डोक्यात तेव्हा इतके धड नव्हते. त्याने शेवटी एवढेच विचारले, "मग मोर्चा न्यायचा कुठं?" मी सांगितले: निर्यातीसाठी खासदाराकडे, चाळीच्या अनुदानासाठी आमदाराकडे, आणि तुझ्या मळ्यापासून डांबरीपर्यंतच्या रस्त्यासाठी जिल्हा परिषदेच्या सदस्याकडे. त्याने बोटांवर मोजले. "एक दिल्लीत. एक मुंबईत. आणि तिसरा तर दीड वर्ष झालं, निवडूनच आलेला नाही दाजी." मग हिशोबपट्टीची घडी करून त्याने ती बंडीच्या खिशात घातली आणि पाऊस भुरभुरायला लागला म्हणून चाळीच्या अंगाला ताडपत्री ओढायला गेला.